वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर घरी लागणारी मदत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅरिएट्रिक ऑपरेशन झालेली किंवा ठरलेली माणसं आणि त्यांच्या घरचे लोक आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः दुर्बिणीतून होणाऱ्या स्लीव्ह आणि बायपास या दोन ऑपरेशनांना धरून आहेत. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर काही वेगळं लिहिलं असेल, तर कार्डावरचंच पाळा.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. यातले बहुतेक प्रश्न आमच्याकडे घरी सोडल्यानंतर, रात्री उशिरा येतात. खरं तर ते ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी विचारायचे आहेत. तारीख ठरली असेल तर प्रश्न २, ६ आणि १४ आजच घरच्यांबरोबर बसून वाचा.

१. छोटे छेद देऊन ऑपरेशन आहे, दोन-तीन दिवसांत घरी सोडतील म्हणतात. मग घरी मदत हवीच कशाला?

हवी. पोटावर चार-सहा छोटे छेद असतात, त्यामुळे बाहेरून फार काही झाल्यासारखं दिसत नाही आणि तिथेच फसगत होते. आत स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकलेला असतो. बायपासमध्ये जठराची जेमतेम ३० मिलिलिटर मावेल एवढी पिशवी करून ती लहान आतड्याला जोडलेली असते. आतले टाके आणि पोटाचे स्नायू भरून यायला आठवडे लागतात. त्यात पोटात जातंय अगदी थोडं, म्हणून अंगात त्राण नसतं.

घरी आल्यावरचे पहिले २४ तास सोबत कोणीतरी जागेवर असावंच. पहिला आठवडा दिवसरात्र घरात एक मोठं माणूस हवं. दुसऱ्या आठवड्यापासून बहुतेकांना दिवसातून एक-दोन फेऱ्या पुरतात. जड कामांसाठी मात्र चार ते सहा आठवडे दुसऱ्याचाच हात लागतो. पोट उघडून ऑपरेशन करावं लागलं असेल किंवा काही गुंतागुंत झाली असेल, तर हे सगळं लांबतं.

२. नेमकी कोणती कामं मला जमणार नाहीत? घरच्यांना काय सांगू?

चालणं, दात घासणं, कपडे बदलणं, फोनवर बोलणं हे पहिल्या दिवसापासून जमतं. जमत नाही ते वाकणं, उचलणं, ढकलणं, ओढणं आणि फार वेळ उभं राहणं. म्हणजे फरशी पुसणं, खालच्या कप्प्यातलं भांडं काढणं, गादी सरकवणं, ओल्या कपड्यांची बादली, किराण्याची पिशवी, कचरा बाहेर नेणं, पाळीव कुत्र्याला फिरवायला नेणं. कुत्र्याचा विचार कोणीच करत नाही, पण पट्ट्याला बसलेला एक हिसका पोटाला चांगलाच महागात पडू शकतो.

दुसऱ्या प्रकारची मदत हातांची नाही, लक्षाची आहे. औषधं वेळेवर गेली का, पाणी किती गेलं, ताप आहे का, चेहरा कालच्यापेक्षा उतरलाय का, हे बघणारं कोणी हवं. पहिल्या आठवड्यात याच मदतीचं मोल जास्त असतं, असं आमचं ठाम मत आहे. कारण आजारी माणसाला स्वतःचं बिघडणं लवकर कळत नाही.

घरच्यांना "मला मदत लागेल" एवढंच सांगू नका. त्यावर सगळे "हो, आहोत ना आम्ही" म्हणतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल. काम आणि वार जोडून सांगा : सोमवारी आणि गुरुवारी कपडे तू, रोज रात्री नऊच्या गोळ्या बाबा, ड्रेसिंगसाठी दवाखान्यात न्यायला ताई.

३. किती वजन उचललेलं चालतं?

पहिले चार ते सहा आठवडे साधारण चार-पाच किलोच्या वर काही उचलू नये, असंच बहुतेक ठिकाणी सांगतात. काही सर्जन थोडी जास्त मुभा देतात, म्हणून तुमचा आकडा विचारून घ्या. पाण्याने भरलेली मोठी बादली या मर्यादेत बसत नाही, वर्षाचं मूलही बसत नाही (मुलांसाठी प्रश्न ७). उचलताना श्वास रोखावा लागला तर ते वजन तुमच्यासाठी जास्त आहे, हे पक्कं समजा.

४. पलंगावरून उठताना त्यांच्या पोटात जबरदस्त ओढ बसते. मी त्यांचे हात धरून ओढू का?

नको. हात धरून ओढलं की त्यांच्या पोटाच्या स्नायूंवर ताण येतो आणि तुमच्या कमरेवरही. आधी त्यांना गुडघे वाकवू द्या. मग खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर होऊ द्या. पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडताना त्याच वेळी खालच्या कोपराने आणि वरच्या तळहाताने गादी रेटून उठायचं. पायांचा भार खाली गेला की धड आपोआप वर येतं. तुम्ही फक्त खांद्यामागे हात ठेवा, आधाराला. जोर लावू नका. उठल्यावर मिनिटभर कडेवर बसू द्या, लगेच उभं केलं तर चक्कर येते.

खोकला किंवा शिंक आली तर पोटावर उशी घट्ट धरायला सांगा. पलंग फार खाली असेल, तर पहिला आठवडा हात टेकवायची सोय असलेल्या उंच खुर्चीत अर्धवट बसून झोपणं अनेकांना सोपं जातं.

५. आंघोळ आणि संडास यांत मदत मागायची फार लाज वाटते. काय करावं?

हा प्रश्न लोक नाव न घालता पाठवतात, म्हणून मोकळेपणाने उत्तर देतो. शॉवर बहुधा दोन दिवसांनी घेता येतो. टबमध्ये किंवा तलावात उतरायचं मात्र जखमा पूर्ण भरल्याशिवाय नाही. बाथरूममध्ये न घसरणारी चटई, पक्कं स्टूल आणि हाताशी टॉवेल असेल तर बहुतेकांना आत कोणी लागत नाही. दाराबाहेर माणूस असावं आणि दाराची कडी लावू नये, एवढं पुरतं. पाणी कोमट ठेवा. गरम पाण्याने रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. छेदांवर साबण चोळायचा नाही, पाणी वाहू द्यायचं आणि टॉवेलने टिपून घ्यायचं.

संडासनंतर स्वच्छ करायला मागे हात पोचत नाही ही अडचण ऑपरेशनच्या आधीपासून अनेकांना असते, नंतर पोट दुखत असल्याने ती वाढते. हाताने धरायचा छोटा जेट, लांब दांड्याचं साधन, कमोडची उंच सीट या गोष्टी ऑपरेशनच्या आधी घरी आणून वापरून बघा. तरीही माणूस लागलं, तर ते कोण असेल हे रुग्णानेच ठरवायचं. बायकोने किंवा मुलाने करायलाच हवं असं काही नाही; पुष्कळांना अनोळखी नर्सकडून हे करून घेणं सोपं जातं, आणि त्यात कोणी वाईट वाटून घेऊ नये.

पहिल्या दिवसांत बद्धकोष्ठ होतं. जोर करू नका, फोन करून औषध विचारा.

६. मी एकटा राहतो. मग ऑपरेशन करूच नये का?

करता येतं, पण आधी व्यवस्था लावल्याशिवाय तारीख घेऊ नका. पहिला आठवडा एक तर तुम्ही कोणाकडे जा किंवा कोणाला तरी तुमच्याकडे बोलवा. दोन्ही शक्य नसेल तर हे सर्जनला स्पष्ट सांगा. एक-दोन दिवस जास्त ठेवून घेणं, घरी येणाऱ्या नर्सची सोय, तुमच्या गावापासून दूर असाल तर हॉस्पिटलजवळ मुक्काम, असे मार्ग निघतात. "आहे कोणीतरी" असं खोटं सांगून घरी गेलेली माणसं आम्हाला माहीत आहेत आणि त्यांची काळजी वाटते.

एकटं राहताना रोजच्या दोन ठरलेल्या वेळा ठेवा, सकाळी आणि रात्री. त्या वेळी तुम्ही फोन करायचा. तुमचा फोन आला नाही आणि तुम्ही उचललाही नाही, तर समोरच्याने येऊन बघायचं. त्याच्याकडे घराची किल्ली असली पाहिजे, नाहीतर सगळी योजना दाराशी अडते. रोज लागणाऱ्या वस्तू कंबर ते खांदा या उंचीत मांडून ठेवा. पलंगापाशी पाणी, चार्जर, थर्मामीटर, औषधं आणि उलटीसाठी भांडं.

७. माझं मूल दीड वर्षाचं आहे. त्याला कडेवर घेता येणार नाही म्हणता, पण ते ऐकेल कसं?

ते ऐकणार नाही, म्हणून तुमच्याशिवाय दुसरं माणूस दिवसभर हवं. पहिले चार ते सहा आठवडे बाळाला उचलणं, आंघोळ घालणं, पाळण्यात ठेवणं हे दुसऱ्याकडे पूर्ण सोपवा. तुम्ही सोफ्यावर बसा आणि कोणीतरी बाळाला तुमच्या शेजारी आणून बसवू दे. मांडीवर घ्यायचं तर आधी पोटावर उशी, कारण बाळाचा पाय हमखास जखमेवर बसतो. थोड्या मोठ्या मुलांना आधीच दाखवून सांगा की पोटावर बाऊ आहे, मिठी बाजूने मारायची. ऑपरेशनच्या आठवडाभर आधीपासून ही सवय लावली तर रडारड बरीच कमी होते.

अंगावर पाजत असाल तर ते ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना सांगा. औषधं आणि तुमचा आहार, दोन्ही त्यावर ठरतात.

८. खाण्याचं घरच्यांनी काय सांभाळायचं? रोज वेगळं करावं लागेल का?

टप्पे असतात. आधी गाळलेले पातळ पदार्थ, मग दाट द्रव, साधारण दोन आठवड्यांनंतर गुठळी नसलेलं घोटलेलं अन्न, चौथ्या आठवड्याच्या सुमारास मऊ अन्न आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं जेवण, थोड्या प्रमाणात. वेळापत्रक हॉस्पिटलप्रमाणे बदलतं. पुढच्या टप्प्यावर आपल्या मनाने उडी मारायची नाही, भूक नाही म्हणून मागेही राहायचं नाही.

बहुतेकांना दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनांचं लक्ष्य दिलेलं असतं आणि सुरुवातीला ते पावडरीशिवाय गाठणं कठीण जातं. मदत करणाऱ्याने एकदाच चार-पाच दिवसांचं करून छोट्या डब्यांत गोठवून ठेवलं, तर रोजची ओढाताण वाचते. एका डब्यात दोन-तीन मोठे चमचे, त्याहून जास्त नको. डबा मोठा असला की "संपव आता" सुरू होतं.

जेवताना पाणी प्यायचं नाही आणि नंतर अर्धा तास थांबायचं. पाण्याबद्दल वेगळं बोलू, पुढच्याच प्रश्नात.

९. पाणीच जात नाही. दोन घोटांत पोट भरतं. किती आग्रह करावा?

इथे आग्रह करा, अगदी मागे लागून. ऑपरेशननंतर लोकांना पुन्हा हॉस्पिटलात न्यावं लागण्यामागे अंगातलं पाणी कमी होणं हे एक मोठं कारण आहे आणि घरच्यांनी लक्ष दिलं तर ते बहुतेक वेळा टळतं.

लक्ष्य दीड ते दोन लिटर. ते ग्लासाने होणार नाही. खोकल्याच्या औषधाबरोबर मिळतं तसलं मापाचं टोपण घ्या, ३० मिलिलिटरचं. दर पंधरा मिनिटांनी एक टोपण, छोट्या छोट्या घोटांनी. जागेपणीचे तेरा तास असे गेले की दीड लिटर होतं. फोनवर गजर लावा. स्ट्रॉने हवा पोटात जाते म्हणून बरेच जण ती टाळायला सांगतात, आणि सोडा किंवा फसफसणारी पेयं पूर्ण बंद. गार पाणी जड वाटलं तर कोमट देऊन बघा, कोमट जात नसेल तर बर्फाचा खडा चोखायला द्या.

लघवी गडद पिवळी झाली, सहा-आठ तास झालीच नाही, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, जीभ कोरडी पडली, तर त्याच दिवशी फोन करा. घोटभर पाणीही ठरत नसेल तर फोनवर थांबू नका, प्रश्न १४ बघा.

१०. सासूबाई प्रेमाने "अजून एक चमचा" म्हणत राहतात. कसं सांगू?

तुम्ही सांगण्यापेक्षा आहारतज्ज्ञांनी सांगितलेलं लवकर पटतं. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर घेऊन जा. नव्या जठरात एक चमचा जास्त गेला की छातीच्या मधोमध कळ येते, तोंडाला पाणी सुटतं आणि उलटी होते. वारंवार उलट्या म्हणजे नव्या टाक्यांवर ताण. हे त्यांना कळलं की आग्रह बहुतेकदा थांबतो.

त्यांचं प्रेम वाया घालवू नका. पाण्याच्या गजराची जबाबदारी त्यांना द्या. तिथे आग्रहाला भरपूर वाव आहे आणि तो कामाचाही आहे.

११. गोळ्या गिळता येत नाहीत. चुरा करून दिल्या तर चालतात?

काही चालतात, काही अजिबात नाही. हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या आणि आतड्यात विरघळाव्यात म्हणून आवरण दिलेल्या गोळ्या फोडायच्या नसतात. औषधाचा पूर्ण डोस एकदम सुटतो किंवा जठराला त्रास होतो. घरी येण्याआधी सगळी औषधं फार्मासिस्टसमोर ठेवा आणि प्रत्येकावर पेनाने लिहून घ्या : चुरा, पातळ किंवा अख्खी.

वेदनाशामकांची चूक सगळ्यांत जास्त घडते, आणि ती मदत करणाऱ्याच्या हातून. घरात डोकेदुखीसाठी ठेवलेली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रॉक्सेन यांसारखी गोळी सहज काढून दिली जाते. या गोळ्यांनी जठराच्या जोडावर अल्सर होऊ शकतो, बायपासमध्ये विशेषतः. ही मनाई काही दिवसांची नाही, पुढेही चालूच राहते. पॅरासिटामॉल सहसा चालते. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती स्वतःहून बंदही करू नका आणि सुरूही करू नका, सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर, दोघांनाही विचारा.

जीवनसत्त्वं आणि कॅल्शियम आयुष्यभर घ्यायचं असतं. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी देऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा.

१२. त्यांना मधुमेह आहे. नेहमीचं इन्सुलिन चालू ठेवायचं का?

जुन्या डोसाने नाही. ऑपरेशननंतर काही दिवसांतच साखर उतरायला लागते, कधी वजन उतरायच्या आधीच, आणि खाणं तर नगण्य असतं. इन्सुलिनचे आणि काही गोळ्यांचे डोस जवळजवळ सगळ्यांचे कमी होतात, काहींचे बंद होतात. नवा डोस लिहून घेतल्याशिवाय हॉस्पिटल सोडू नका आणि जुनी पाकिटं घरातल्या ट्रेमधून बाजूला काढा. रक्तदाबाच्या आणि लघवी जास्त होण्याच्या गोळ्यांचंही तसंच.

घाम, थरथर, बोलण्यात चिडचिड किंवा गोंधळ दिसला तर लगेच साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर ग्लुकोज द्यायचंच. "गोड बंद आहे ना" म्हणून थांबलेले लोक आम्हाला विचारतात, म्हणून मुद्दाम लिहितो : त्या वेळी ग्लुकोज हे औषध आहे. माणूस शुद्धीत नसेल तर मात्र तोंडात काही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा.

१३. पोटात घ्यायची इंजेक्शनं आणि घट्ट मोजे दिले आहेत. घरी कोण करणार?

पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं हा या ऑपरेशननंतरचा गंभीर धोका आहे. इंजेक्शनं, मोजे आणि चालणं हे तिन्ही त्याच्यासाठीच. इंजेक्शन घरचं कोणीही शिकू शकतं. हॉस्पिटलमध्ये नर्ससमोर एकदा स्वतःच्या हाताने देऊन बघा, नुसतं बघून येऊ नका. बेंबीपासून आणि छेदांपासून दूर, रोज बाजू बदलून टोचायचं आणि नंतर चोळायचं नाही. थोडं काळंनिळं होतं, त्याला घाबरू नका.

मोजे चढवायला वाकावं लागतं, म्हणून ते काम मदतनिसाचंच. सकाळी पाय सुजायच्या आत, झोपलेल्या स्थितीत चढवा. वरची कड दुमडू देऊ नका. दुमडलेली कड पाय आवळते. रोज एकदा काढून टाचा आणि बोटांची कातडी बघा.

आणि चालवा. घरात जागेपणी तासा-दोन तासाला पाच मिनिटं. सगळं हातात आणून देणारं घर प्रेमळ असतं, पण या आजारपणात पाणी घ्यायला त्यांना स्वतः उठू द्या.

१४. काय झालं तर फोन करायचा आणि काय झालं तर थेट घेऊन जायचं?

हे उत्तर कागदावर लिहून फ्रिजला लावा.

थेट घेऊन जा, रात्र असली तरी : वाढत जाणारी किंवा सहन न होणारी पोटदुखी, विश्रांतीतही १२० च्या वर राहणारी नाडी, ३८ सेल्सिअसच्या वर, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आणि थंडी; धाप किंवा छातीत दुखणं; एका पोटरीला सूज आणि दुखणं; रक्ताची उलटी, काळी डांबरासारखी किंवा लाल शी; पाणीही न ठरणं; बेशुद्धी किंवा गोंधळलेलं बोलणं.

आतल्या टाक्यांच्या जोडातून गळती हे यातलं सगळ्यांत भीतीदायक कारण आहे. त्यात ताप नसतानाही नाडी आधी वाढू शकते, आणि माणूस "काहीतरी बरोबर नाही" एवढंच सांगतो. डाव्या खांद्यात दुखणं हे नुसतं ऑपरेशनच्या वेळी भरलेल्या गॅसमुळेही पहिले काही दिवस होतं, पण ते कमी होत जायला हवं. कमी होऊन पुन्हा वाढलं किंवा सोबत नाडी पळत असेल, तर वाट बघू नका.

त्याच दिवशी फोन करा : छेदाभोवती वाढती लाली किंवा पू, दोन-तीन वेळा उलटी, तीन दिवस शौच नाही, पोटात नळी ठेवून सोडलं असेल तर तिच्यातल्या पाण्याचा रंग बदलला.

नाडी मोजायला घड्याळ पुरतं. मनगटावर दोन बोटं, तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. घरातल्या दोघांना तरी हे आलं पाहिजे.

१५. तीन आठवडे झाले, रोज उलट्या होतात. आता नजर दुहेरी होते आणि चालताना झोक जातो. अशक्तपणा असेल का?

अशक्तपणा समजून घरी थांबू नका, आजच न्या. सतत उलट्यांमुळे थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपतं. शरीरात त्याचा साठा फक्त काही आठवड्यांचा असतो. ते संपलं की मेंदूवर परिणाम होतो : दुहेरी दिसणं, तोल जाणं, गोंधळ. उपचाराला उशीर झाला तर काही नुकसान कायमचं राहतं.

घरच्यांनी तिथे गेल्यावर एक वाक्य सांगायचंच : "वजनाचं ऑपरेशन झालंय, उलट्या चालू आहेत, ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी थायमिन द्यायचं का?" थायमिनशिवाय नुसतं ग्लुकोज चढवलं तर हा त्रास वाढू शकतो.

१६. ते खाली पडले तर मला एकटीला उचलता येणार नाही. काय करू?

उचलायला जाऊच नका. आधी बोलते करा : डोकं आपटलं का, कुठे दुखतंय, पोटात नवी कळ आहे का? रक्त पातळ करणारी इंजेक्शनं चालू असताना डोकं आपटलं असेल, तर बरं वाटत असलं तरी तपासायला न्या.

काही लागलं नसेल आणि शुद्ध असेल, तर त्यांना कुशीवर, मग हात आणि गुडघ्यांवर येऊ द्या. समोर एक मजबूत खुर्ची ठेवा, तिच्यावर हात टेकून एक पाय पुढे घेऊन उठू द्या आणि दुसरी खुर्ची मागे सरकवा. दोनदा जमलं नाही तर अंगावर पांघरूण घाला आणि मदत बोलवा. तुमची कंबर गेली तर घरात दोन रुग्ण होतील.

१७. मदत करणारी आई स्वतः सत्तर वर्षांची आहे. पगारी माणूस ठेवावं का?

जमत असेल तर ठेवा, निदान रात्रीसाठी किंवा आंघोळीच्या वेळेसाठी. आईकडे प्रश्न २ मधलं लक्ष ठेवण्याचं काम द्या, जड काम नाही. पगारी मदतनिसाला प्रश्न ९, ११ आणि १४ ची उत्तरं पहिल्याच दिवशी समजावून सांगा. रुग्णसेवेचा अनुभव असला तरी या ऑपरेशनचे नियम वेगळे आहेत; नेहमीच्या रुग्णाला चालणारा पाण्याचा भरलेला ग्लासही इथे चालत नाही.

१८. रात्री झोपताना लावायचं श्वासाचं मशीन आता बंद केलं तर चालेल का? आवाजाने कोणालाच झोप लागत नाही.

नाही. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास वजन बरंच उतरल्यावर कमी होतो, पहिल्या आठवड्यात नाही. उलट गुंगीच्या वेदनाशामकांनी तो वाढतो. पुन्हा तपासणी होऊन डॉक्टर सांगतील तेव्हाच मशीन बंद करायचं. झोप मोडत असेल तर घरच्यांनी आळीपाळीने दुसऱ्या खोलीत झोपावं.

१९. ऑपरेशन छान झालं, तरी ती सारखी रडते. "का केलं मी हे" म्हणते. आम्ही काय चुकतोय?

बहुधा काहीच नाही. पहिल्या आठवड्यांत हे वाक्य आम्ही फार जणांकडून ऐकतो. भूल, दुखणं, उपास, बदलणारे हार्मोन्स, आणि मन जड झालं की ज्याचा आधार घ्यायचा ते खाणंही गेलेलं. "तूच ठरवलं होतंस ना" हे तेवढं म्हणू नका. शेजारी बसा, सोबत चाला, घरात सगळ्यांच्या जेवणाचा घमघमाट सुटतो त्या वेळी तिला बाहेर फेरीला न्या.

दोन आठवड्यांनी मन सावरायला हवं. तसं झालं नाही, किंवा आधीपासून नैराश्याची औषधं चालू असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना लवकर भेटा; बायपासनंतर काही औषधं पूर्वीसारखी शोषली जात नाहीत आणि डोस बदलावा लागतो. जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर एकटं सोडू नका आणि तातडीच्या विभागात न्या. ही काळजी पहिल्या महिन्यापुरती नाही, पुढची काही वर्षं ठेवा. दारूचंही तसंच : बायपासनंतर ती लवकर आणि जास्त चढते, आणि व्यसन लागण्याचा धोका वाढतो.

२०. मी ऑपरेशनबद्दल कोणालाच सांगितलेलं नाही. मदत मागायची तर सांगावं लागेल.

सगळ्यांना सांगायची गरज नाही. "पोटाचं ऑपरेशन झालंय, महिनाभर जड उचलायचं नाही" एवढं बहुतेकांना पुरतं आणि ते खरंही आहे. पण एका माणसाला तरी पूर्ण माहीत हवं : कोणतं ऑपरेशन, कोणत्या तारखेला, कोणत्या सर्जनकडे, कोणती औषधं. तुम्ही बोलू शकत नसाल तेव्हा डॉक्टरांशी तेच बोलणार आहे.

२१. गाडी, ऑफिस, घरकाम हे सगळं केव्हापासून? मदत कधी थांबवायची?

गुंगीची वेदनाशामकं बंद होऊन, सीट बेल्ट लावून, अचानक ब्रेक मारताना पोट न दुखता जमेल तेव्हा गाडी. बहुतेकांना एक-दोन आठवडे लागतात. बैठं काम दोन ते चार आठवड्यांनी, अंगमेहनतीचं सहा आठवड्यांच्या आसपास. मदत एकदम तोडू नका. आधी रात्रीची सोबत कमी करा, मग स्वयंपाक, शेवटी उचलण्याची कामं. एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून घरभर झाडलोट केली आणि दुसऱ्या दिवशी उठवेना, असं फार होतं.

२२. बायपासला दोन वर्षं झाली. वजन उतरलं, सगळं छान आहे. आता मधूनच जेवणानंतर पोटात पिळवटून कळ येते आणि जाते. घरच्यांनी यात काही बघायचं का?

हो. बायपासनंतर आतड्यांची मांडणी बदललेली असते, आणि वजन उतरल्यावर आतली चरबी कमी होऊन मोकळ्या झालेल्या जागेत आतडं अडकू शकतं. याला आतला हर्निया म्हणतात. बाहेरून फुगवटा दिसत नाही आणि कळ नसतानाच्या तपासण्या कधीकधी सरळ येतात. गरोदरपणात हा धोका विशेष लक्षात ठेवा. कळा बाळाच्या समजून वेळ जातो. येऊन-जाऊन असणाऱ्या कळेसाठी त्याच आठवड्यात बॅरिएट्रिक सर्जनला दाखवा. कळ थांबतच नसेल, सोबत उलट्या असतील, तर ताबडतोब न्या.

अशा वेळी बरोबर जाणाऱ्याने तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच मिनिटाला सांगायचं : बायपास पोटाचा आहे, हृदयाचा नाही, अमुक साली झाला, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं चालत नाहीत, नाकातून नळी घालायची असेल तर जठराची रचना बदललेली आहे हे लक्षात घेऊन घाला. हे चार मुद्दे लिहिलेलं कार्ड रुग्णाच्या पाकिटात आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा.